लाभांशाचा टक्का नंतर, आधी रोकड पाहा

कापसाचा चुकारा हाती आला की त्यातले थोडे पैसे शेअरमध्ये टाकावेत आणि दरवर्षी काही ना काही लाभांश (डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे) येत राहावा, असं आता आपल्याकडच्या बऱ्याच कास्तकारांना वाटतं. ते रास्तच आहे. पण मोबाईलवर ‘सर्वाधिक डिव्हिडंड यील्ड’ची यादी काढून वरचे पाच शेअर घेणं मला धोक्याचं वाटतं.

यील्ड म्हणजे गेल्या बारा महिन्यांचा लाभांश भागिले आजचा भाव. भाव पडला की यील्ड आपोआप फुगतं. वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे १०१.५० रुपये वाटले. मार्च २०२३ अखेर भाव तीनशेच्या आत होता, म्हणजे यील्ड ३३ टक्क्यांच्या वर! पुढच्या वर्षी मिळाले २९.५०. वावर घेताना एका सालचा उतारा कोणी पाहत नाही, विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का ते विचारतो. इथंही तेच विचारा.

‘५०० टक्के लाभांश’ या बातमीनेही हुरळू नका. तो टक्का बाजारभावावर नाही, तर दर्शनी किमतीवर (कंपनीने शेअरची ठरवलेली मूळ किंमत) असतो. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर हाती १० रुपये. शेअर ८०० चा असेल तर यील्ड सव्वा टक्का.

खरी तपासणी वार्षिक अहवालातल्या कॅश फ्लोच्या पानावर होते. धंद्यातून आलेली रोकड घ्या, त्यातून यंत्रसामग्री-इमारतींवरचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेशी वाटलेला लाभांश ताडून पाहा. एका वर्षाचं नको, किमान सात-आठ वर्षांचं काढा, म्हणजे मंदीचं साल त्यात येतंच. उरलेल्या रकमेपेक्षा लाभांश सतत जास्त आणि कर्जही वाढतंय, असं दिसलं तर तो शेअर सोडा. यील्ड कितीही असो.

वणी, घुग्गुस, उमरेडच्या खाणी डोळ्यासमोर असल्यामुळे कोल इंडिया आपल्याला घरची वाटते. कंपनी रोकड कमावते, हे खरं. पण तिचा लाभांश २०१५-१६ मध्ये २७.४० रुपये होता, तो उतरत २०१९-२० मध्ये १२ वर आला. २०२३-२४ मध्ये पुन्हा २५.५०. सरकारी कंपनीने नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ४ टक्के, यातलं जे जास्त ते किमान वाटावं असा केंद्राचा दंडक आहे; नफा आटला की त्यातली नफ्यावरची रक्कमही आटते. ज्याचं घर आधीच कापूस-सोयाबीनच्या भावावर चालतं, त्याने कोळसा, मँगनीज, धातू मिळून पाव हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नये, असं माझं मत. बाकी रोजच्या वापराच्या वस्तू, वीजवहन, औषधं असं विभागा.

रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला लाभांश) आदल्या दिवशी शेअर घेऊन लाभांश ‘पकडण्यात’ फायदा नाही. दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरतो, वर लाभांशावर कर लागतो.

कराचंही पाहा. एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्याच उत्पन्नात धरला जातो. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांवर मिळाले तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी इतर उत्पन्न करमर्यादेच्या वर गेलं की दर ठरवताना ते जोडलं जातं.

आणि एक. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. डिमॅटला (शेअर ठेवायच्या खात्याला) तिथलं बँक खातं जोडलेलं असेल तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड याच आठवड्यात तपासा. लाभांश सलग सात वर्षं न घेता पडून राहिला, तर तो आणि त्यामागचे शेअरही सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदारांसाठीच्या निधीत जातात. परत मिळतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि कागदपत्रं लागतात.