‘जास्त टोकनं, जास्त मतं’ ही सावकारशाहीच ना? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

34 वर्षं सहकारी बँकेत काढली असं तुम्हीच लिहिलंयत, म्हणून काका म्हणते. डिजिटल चित्रं जमवणाऱ्यांच्या ज्या समूहात मी आहे, तिथे ठरावांवरची मतं टोकनांवर, म्हणजे समूहाच्या डिजिटल नाण्यांवर, मोजली जातात. त्याच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘ज्याच्याकडे टोकनं जास्त त्याची मतं जास्त, ही सावकारशाही झाली. वर तुम्ही लोकांना सांगता की प्रत्येक सभासद मालक आहे. हा सट्टाच आहे, आणि बुडाल्यावर दाद मागायला कुणी नाही.’

यातलं पहिलं वाक्य मला वर्मी लागलं, कारण तो अनुभव मी घेतलाय आणि लेखात लिहायचा टाळला होता. आता लिहिते.

आमच्या खजिन्यातली, म्हणजे सामाईक वॉलेटमधली (वॉलेट म्हणजे टोकनं आणि चित्रं ठेवायचं डिजिटल खातं), काही चित्रं विकून टाकायचा ठराव आला होता. त्यात एक चित्र होतं नाशिकच्या गोदाघाटावरच्या पावसाचं. चौकोनी ठिपक्यांत काढलेलं, प्रत्येक थेंब बरोबर दोन ठिपक्यांचा, आणि घाटावरच्या एकाच छत्रीला लाल रंग. ते घ्यावं म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मागे लागले होते. मतदानाच्या शेवटच्या रात्री साडेअकराला कोथरूडच्या घरी मोबाइल हातात धरून बसले होते. ‘विरोधात’ची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, आम्ही साठेक जण तिकडे होतो. शेवटच्या तासात दोन वॉलेटं आली आणि ‘बाजूने’ची पट्टी एका झटक्यात टोकाला गेली. त्या दोघांची टोकनं आम्हा सगळ्यांच्या बेरजेहून जास्त होती. नियमाबाहेर काहीही घडलेलं नव्हतं. छत्री गेली.

त्यामुळे ‘प्रत्येक सभासद मालक’ हे माझं वाक्य चूक होतं. मूळ लेखात ते आज बदललं आहे. हे टोकन म्हणजे मतदानाचा हक्क, पण वजनावर मोजलेला. आपल्याकडे 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने भाग कितीही असले तरी सभासदाला एकच मत दिलं, आणि एकाच सभासदाने एक पंचमांशाहून जास्त भागभांडवल धरू नये असंही बजावलं. तो कायदा करणाऱ्यांना गावातला सावकार ठाऊक होता. टोकनांची रचना करणाऱ्यांनी कंपनीचा भागधारक डोळ्यांपुढे ठेवला. मग अशा समूहाला ‘लोकांची चळवळ’ म्हणणं बरोबर नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण ‘सट्टाच’ हा शब्द मी मान्य करणार नाही. माझे वडील दर रविवारी जुन्या बाजारात जायचे. तांब्याची शिवराई अंगठ्याने पुसायची, भिंगाखाली धरायची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि उलटवल्यावर ‘छत्रपति’ लागतंय का बघायचं. घासलेल्या नाण्यावर निम्मी अक्षरंच उरलेली असतात, मग उरलेल्या कान्यावरून, वेलांटीवरून वाद घालायचे. त्यांच्या आयुष्यभराच्या त्या डब्याला कुणी सट्टा म्हटलं नाही. मी चित्र घेते तेव्हा तसंच बघते: कुणी काढलं, नोंद कुठल्या वॉलेटमधून झाली, मधे कुणाकुणाकडे होतं. ही साखळी कुणालाही तपासता येते, आणि जुन्या बाजारातल्या नाण्याला ती सोय नाही. टोकन भाव चढेल म्हणून घेणारे आहेतच, तेही पुष्कळ. त्यांच्यासाठी एवढंच सांगते की 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर आहे, एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. भावासाठी येणाऱ्याने आधी हे गणित मांडावं, आणि जमलं तर येऊच नये.

सामान्य माणसाचं यात काय होतं याचं मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण नोव्हेंबर 2021 चं आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची एक मूळ छापील प्रत सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात निघाली. ती विकत घ्यायला ‘कॉन्स्टिट्यूशनडाओ’ नावाने 17 हजारांवर लोकांनी काही दिवसांत सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलरचं इथर, म्हणजे इथेरियम या डिजिटल व्यवहारांच्या जाळ्यावरचं चलन, गोळा केलं. बदल्यात ‘पीपल’ नावाचं टोकन मिळालं. प्रत मात्र केन ग्रिफिन या एका धनाढ्याने 4 कोटी 32 लाखांना नेली. लोकांनी हरण्याचं दुःख केलं नाही, दुःख झालं ते पैसे परत घेताना. इथेरियमवर प्रत्येक व्यवहाराला गॅस, म्हणजे हाताळणीचं शुल्क, लागतं. ज्याने थोडे डॉलर दिले होते त्याला परत मागण्याचा खर्चच देणगीच्या आसपास जात होता. मोठ्या देणगीदाराला त्याचं काही वाटलं नाही. सावकारशाही मतपेटीतच असते असं नाही काका, शुल्कातही असते.

उलट बाजूचंही एक सांगते. ‘नाऊन्स’ नावाच्या समूहात रोज एक चित्र लिलावाला निघतं, पैसे सामाईक खजिन्यात जातात, एका चित्राला एक मत. तिथे खजिना कसा उधळायचा यावरून फाटाफूट झाली. पण त्यांनी बाहेर पडायची वाट नियमातच घालून ठेवली होती, त्यामुळे सप्टेंबर 2023 मध्ये निम्म्याहून जास्त मतं आपल्या वाट्याचा खजिना घेऊन बाजूला झाली. राजीनामा देऊन भाग परत घ्यावा तसं, आणि कुणाच्या पाया न पडता. आमच्या समूहात ही वाट असती तर त्या रात्री आम्ही साठ जण आपला वाटा घेऊन निघालो असतो.

दाद मागायच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. सोसायटीत घोळ झाला तर आपण उपनिबंधकाच्या कार्यालयात फेऱ्या तरी मारतो, इथे जायला कार्यालयच नाही. 2022 मध्ये टोकनांच्याच मतांवर चालणाऱ्या बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात एकाने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज उचललं, त्या पैशांच्या जोरावर दोन तृतीयांशाहून जास्त मतं मिळवली, आपलाच ठराव मंजूर करून खजिना रिकामा केला. नुकसान सुमारे 18 कोटी डॉलरचं. मतांची मोजणी आधीच ठरलेल्या क्षणी कुणाकडे किती टोकनं होती त्यावर केली आणि ठराव मंजूर झाल्यावर अंमलबजावणी दोन-तीन दिवस थांबवली, तर हा डाव साधत नाही. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून काही आम्ही सुरक्षित झालो असं मी म्हणणार नाही.

पण एक सभासद एक मत असूनही याच पुण्यात सहकारी बँकांच्या दारात ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असणार. मत समान दिलं म्हणजे काम संपत नाही, वह्या उघड्या असाव्या लागतात. आमच्या खजिन्यातली प्रत्येक देवघेव मी कोथरूडमध्ये बसून आत्ता या क्षणी बघू शकते. ही एक गोष्ट तुमच्या व्यवस्थेने आमच्याकडून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आणि तुमच्याकडून मला एक हवंय. कुठल्याही वॉलेटच्या मतांना कमाल मर्यादा घालावी असा ठराव मी लिहायला घेतलाय. अडचण अशी की मर्यादा घातली की मोठा माणूस आपली टोकनं दहा वॉलेटांत वाटून टाकतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर बोगस सभासद. निवडणुकीच्या आधी एका रात्रीत वाढलेले सभासद तुम्ही बँकेत कसे ओळखत होतात? पत्त्यावरून, भाग भरल्याच्या तारखांवरून, एकाच खात्यातून आलेल्या पैशांवरून? आमच्याकडे नाव-पत्ता नाही, पण तारखा आणि पैसे कुठून आले हे दोन्ही दिसतं. सविस्तर लिहा, मी वाट बघते.