सही शेवटी बघा, आधी विमान बघा: अमळनेरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊसाहेब,

बॉम्बर विमानांच्या प्रिंट जमवण्यावरच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आणि तिखट आली, म्हणून उत्तरही त्याच मापाचे. तुमचे म्हणणे थोडक्यात असे. छापील कागदासाठी हजारो रुपये मोजणे हा वेडेपणा आहे. प्रिंटला किंमत येते ती वैमानिकाच्या सहीमुळे, आणि नेमकी तीच आम्ही ‘शेवटी बघा’ म्हणून लिहिले. फ्रेमिंगचे सल्ले पुण्या-मुंबईच्या एसी फ्लॅटसाठी आहेत, अमळनेरच्या कूलरवाल्या घराला त्यांचा उपयोग नाही. आणि ज्या विमानांनी शहरेच्या शहरे जाळली त्यांची चित्रे दिवाणखान्यात शोभत नाहीत. शिवाय जाता जाता अहिराणीतला टोला: ‘कागदले कागदच म्हना ना भाऊ.’

सहीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या हाती असलेल्या प्रिंटचा प्रश्न त्यातच आहे. तुम्ही लिहिता की तुमच्याकडे धरणफोड मोहिमेच्या (१९४३ मध्ये ब्रिटिशांनी जर्मन धरणे फोडली ती) लँकेस्टर बॉम्बरची, ५०० प्रतींच्या लिमिटेड एडिशनमधली, मोहिमेचे प्रमुख गाय गिब्सन यांची ‘मूळ सही’ असलेली प्रिंट आहे. गिब्सन १९ सप्टेंबर १९४४ रोजी हॉलंडमध्ये मॉस्किटो विमान कोसळून वारले. पेन्सिलीने क्रमांक टाकलेल्या, लढलेल्या वैमानिकांच्या सह्या घेतलेल्या विमानचित्रांच्या एडिशनचा धंदा त्यानंतर कित्येक वर्षांनी उभा राहिला. म्हणजे त्या कागदावर त्यांचा हात फिरलेला असणे शक्य नाही. ती सही एकतर चित्राबरोबरच छापलेली आहे, किंवा कोणीतरी मागाहून केलेली आहे. तिसरी शक्यता म्हणजे जुन्या पत्रातली अस्सल सही कापून माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्यात, वेगळ्या खिडकीत बसवलेली असणे. तसा प्रकार बाजारात असतो आणि विकणाऱ्याने तसे सांगितले तर त्यात गैर काही नाही, पण तुमच्या वर्णनात वेगळी खिडकी नाही.

घरच्या घरी तपासायला जळगावच्या सराफ बाजारात मिळते तसे दहा पटीचे भिंग पुरे. आधी चित्राचा आकाशाचा भाग बघा. ऑफसेट छपाई असेल तर चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसेल. जिकले, म्हणजे चांगल्या प्रतीची इंकजेट छपाई असेल, तर ठिपके नक्षीत न बसता फवाऱ्यासारखे विखुरलेले दिसतील. मग तेच भिंग सहीवर न्या. सहीच्या रेषेत ठिपके दिसले तर निकाल तिथेच लागला. मात्र भरीव काळ्या शाईत छापलेल्या सहीत ठिपके नसतात आणि इथेच बरेच जण फसतात. अशा वेळी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. पेन्सिलीची खरी सही तिरप्या उजेडात शिशासारखी चमकते, कागदावर दाबाची बारीक चर दिसते, रेघ सुरू होते तिथे आणि वळणावर दाब कमी-जास्त असतो, आणि एक रेघ दुसरीवरून जाते तिथे थर दिसतो. छापलेली सही सगळीकडे सारखी सपाट असते. खोडरबर घासून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कागदाचा पृष्ठभाग उचकटला की तो परत बसत नाही.

भिंगाच्याही आधी लागते ती तारखांची यादी. धरणफोड बॉम्बचे जनक बार्न्स वॉलिस १९७९ मध्ये गेले, ब्रिटिश बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस १९८४ मध्ये, ब्रिटिश बॉम्बर वैमानिक लेनर्ड चेशायर जुलै १९९२ मध्ये, हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स नोव्हेंबर २००७ मध्ये. धरणफोड मोहिमेतले शेवटचे हयात वैमानिक-दलातले जॉनी जॉन्सन डिसेंबर २०२२ मध्ये वारले. प्रिंटच्या खालच्या समासात प्रकाशनाचे वर्ष असते, ते या तारखांशी ताडून बघायला दोन मिनिटेही लागत नाहीत. वर्ष मृत्यूनंतरचे असेल तर सही आधी वेगळ्या कागदावर घेतलेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रमाणपत्रावर फार भिस्त ठेवू नका, तोही छापील कागदच. आणि ५०० पैकी १२ क्रमांकाला ४१२ पेक्षा जास्त पैसे देण्याचे कारण नाही. जुन्या तांब्याच्या पत्र्यावरच्या छपाईत पत्रा झिजायचा, म्हणून आधीच्या प्रती सरस असायच्या. ऑफसेटमध्ये तो फरक उरत नाही.

आता विमान आधी का, ते सांगतो. सहीचा खरेखोटेपणा शेवटी कोणाच्या तरी शब्दावर येऊन थांबतो. विमान चुकले आहे की बरोबर, हे मात्र प्रसिद्ध छायाचित्रांवरून कोणालाही घरबसल्या तपासता येते. तुमचीच प्रिंट घ्या. १६ मे १९४३ च्या रात्री निघालेल्या १९ लँकेस्टर विमानांच्या पाठीवरचा बंदुकीचा मनोरा काढून टाकलेला होता आणि पोटाखालची बॉम्बकप्प्याची दारेही. तिथे दोन्ही बाजूंच्या हातांमध्ये सुमारे ४,२०० किलो वजनाचा पिंप-बॉम्ब आडवा धरलेला असे, आणि सोडण्याआधी तो मोटरने मिनिटाला ५०० फेऱ्यांनी उलटा फिरवला जाई. तुमच्या चित्रात पाठीवर मनोरा ‘स्पष्ट दिसतो’ असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. मग चित्रकाराने साधी लँकेस्टर काढून तिच्या अंगावर गिब्सन यांच्या विमानाची एजे-जी ही अक्षरे रंगवली आहेत. असे चित्र फुकट मिळाले तरी आम्ही संग्रहात घेणार नाही. रॉबर्ट टेलर किंवा गेराल्ड कूल्सन या विमानचित्रकारांची कामे महाग का, याचे अर्धे उत्तर अशा तपशिलांत आहे.

अमेरिकी बी-१७ बॉम्बरची हीच तऱ्हा. हनुवटीखाली दोन बंदुकांचा मनोरा आला तो ‘जी’ प्रकारासोबत, आणि रंग न देता चकचकीत ॲल्युमिनियमची विमाने युरोपात दिसू लागली ती १९४४ च्या सुरुवातीपासून. चित्राखाली ‘श्वाइनफुर्ट (जर्मन शहर), ऑगस्ट १९४३’ असे लिहिलेले असेल आणि विमाने चांदीसारखी चमकत असतील, तर पाकीट खिशातच राहू द्या.

‘छापील कागद’ या आक्षेपाला फार वेळ देत नाही. राजा रविवर्मांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे घरोघरी होत्या. त्यातल्या जुन्या शिळाछापांच्या मागे आज संग्राहक धावतात, आणि तिथेही भाव ठरतो तो छपाईचा दर्जा, कागद आणि जपणूक यांवर.

कूलरचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे आणि लेखात तो त्रोटक राहिला होता. खानदेशात मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. कूलर लावला की बंद खोलीत ती पन्नास-साठच्या वर चढते आणि पाणी संपले किंवा लाइट गेली की पुन्हा उतरते. कागद ओल शोषून पसरतो, सुकला की आकसतो. असे रोज घडते. आपल्या फ्रेमवाल्यांची नेहमीची पद्धत म्हणजे प्रिंट हार्डबोर्डला चारही बाजूंनी फेविकॉलने चिकटवायची आणि वर थेट काच दाबायची. पसरायला जागा नसली की कागदाच्या लाटा होतात, आणि लाटेचा जो भाग काचेला टेकतो तो पावसाळ्यात काचेलाच चिकटतो. तो सोडवताना शाईचा थर काचेवर राहतो. त्यावर इलाज नाही.

म्हणून प्रिंट फक्त वरच्या कडेने, दोन बिजागऱ्यांवर टांगायची. बिजागरी म्हणजे जपानी टिश्यू कागदाचा तीनेक सेंटीमीटर रुंदीचा तुकडा, कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून फाडलेला, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. प्रिंटच्या मागे त्याची पकड पाच मिलिमीटरच असावी. डिंक मात्र गव्हाच्या स्टार्चचा हवा, आणि त्यासाठी अमळनेरकरांनी परदेशी दुकान शोधायची गरज नाही. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तोच मीठ, हिंग, पापडखार घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. वरचे पिवळसर पाणी आणि चिकट थर ओतून द्या, खालचा पांढरा साका घ्या, आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा. एक भाग साका, चार ते पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवा. पारदर्शक झाला की गार करून बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढा. तीन-चार दिवस टिकतो, नंतर टाकून द्या. हा डिंक पुढे कधीही पाण्याच्या ओलाव्याने सुटतो, हाच त्याचा गुण. बाइंडरकडची तयार खळ आणू नका. तिच्यात कीड लागू नये म्हणून बऱ्याचदा मोरचूद असते, आणि त्यातले तांबे कागद करपवते. चीकही कसरीला आवडतो हे खरेच, म्हणून पकड लहान ठेवायची आणि फ्रेमची पाठ टेपने पूर्ण बंद करायची.

पाठीला हार्डबोर्ड किंवा प्लाय नको. दोन्हींतून आम्ल सुटते आणि वाळवीला दोन्ही आवडतात. प्रिंटच्या मागे आम्लमुक्त बोर्ड, त्याच्या मागे फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारी सनपॅक शीट (प्लास्टिकचा पोकळ पुठ्ठा). समोर माउंट किमान दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक महाग पडते हे मान्य. साधी तीन मिलिमीटर काच लावा, पण मग जागा नीट निवडा, कारण साध्या काचेतून रंग उडवणारे बरेचसे अतिनील किरण आत येतातच. ९० बाय ६५ सेंटीमीटरच्या फ्रेमला तेवढ्या जाडीच्या काचेचे वजन साडेचार किलोच्या आसपास होते, ॲक्रिलिकचे दोनाच्या. खिळा त्या हिशेबाने ठोका. ॲक्रिलिक असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नका, उन्हाळ्यात ते धूळ ओढते आणि चरे पडतात. ओलसर मऊ फडके वापरा, अमोनियावाला काच-क्लीनर अजिबात नको.

पश्चिमेची तापणारी भिंत आणि कूलरच्या झोतासमोरची भिंत सोडून तिसरी निवडा. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीपासून सेंटीमीटरभर अंतर राहून पावसाळ्यात मागून हवा खेळेल. काळ्या मातीवरच्या घरांना भेगा आणि ओल नवी नाही.

आता शोभण्याचा प्रश्न. तुमचा आक्षेप आम्ही झटकत नाही. मोहने आणि एडर धरणांच्या पुरात तेराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत अर्ध्याहून अधिक परदेशी युद्धकैदी आणि सक्तीने आणलेले मजूर होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सुमारे २५,००० मेले. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-दलापैकी ५५,५७३ जण परतले नाहीत. या प्रकारच्या चित्रांत ढग असतात, चांदणे असते, जमीन मात्र क्वचितच दिसते, हा त्यांचा दोषच आहे. आम्ही सुचवू ते इतकेच: फ्रेमच्या पाठीवर आम्लमुक्त कार्ड लावा आणि त्यावर पेन्सिलीने मोहिमेची तारीख, लक्ष्य, पडलेली विमाने आणि जमिनीवरचे मृत्यू लिहा. ज्या प्रिंटबद्दल हे चार आकडे सापडत नाहीत, ती बहुधा नुसती सजावट असते.

परक्यांचे युद्ध वाटत असेल तर आपल्याशी जोडलेली विमाने घ्या. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेश आघाडीवर व्हल्टी व्हेंजन्स हे सूर मारणारे बॉम्बर उडवले. त्याचे पंख अशा कोनात बसवलेले की सरळ उभा सूर मारता यावा. परिणामी सपाट उड्डाणात नाक वर करून चालल्यासारखे ते दिसायचे. चित्रात ते अगदी आडवे उडत असेल तर चित्रकाराने विमानाचा अभ्यास केलेला नाही. शिवाय या आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतला लाल रंग काढून टाकला होता, जपानी लाल वर्तुळाशी घोटाळा होऊ नये म्हणून. ब्रह्मदेशावरच्या १९४४ च्या विमानावर लाल ठिपका दिसला की चित्र बाजूला ठेवा.

लिबरेटर या अमेरिकी बॉम्बरची गोष्ट त्याहून जवळची. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला ही विमाने निकामी करून टाकून दिली. हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसच्या आसपास उभी केली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली, आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत ती आपल्या हवाई दलात होती. जगात आज उरलेल्या लिबरेटरपैकी काही इथूनच गेलेली आहेत. इथेही खूण तपासा: १९५० पर्यंत गोलात अशोकचक्र होते, केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे नंतरची.

तुम्ही दहा हजारांत पहिली प्रिंट कोणती घ्यावी असे खोचकपणे विचारले आहे, पण प्रश्न चांगला आहे. बिनसहीची, ओपन एडिशनची (म्हणजे प्रतींची संख्या न ठरवलेली), विमान अचूक असलेली प्रिंट घ्या आणि उरलेले पैसे फ्रेमवर घाला. सहीवाल्या प्रिंट शंभर-दीडशे पौंडांपासून पुढे जातात, त्या दुसऱ्या वर्षी. परदेशातून मागवताना ट्यूबचा व्यास किमान दहा सेंटीमीटर हवा, आणि दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटीमीटर मोकळी जागा ठेवायला सांगा, कारण कस्टममध्ये ट्यूब उघडताना ब्लेड तिथेच फिरते. आल्यावर लगेच उलटी गुंडाळून सरळ करायचा मोह टाळा. स्वच्छ कागदावर पसरून कडांवर वजने ठेवून दोन-तीन दिवस पडू द्या. मे महिन्यात कागद ठिसूळ असतो आणि भर पावसात ट्यूब पोस्टात भिजते, तेव्हा मागणी दिवाळीनंतरची ठेवा. तुमची आत्ताची प्रिंट परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर सहीचा भिंगातून काढलेला फोटो आणि पाठीवरच्या मनोऱ्याचा फोटो, असे दोन्ही विकणाऱ्याला एकाच पत्रात पाठवा.