स्पेक्ट्रमच्या पडद्यावरचे रंग ‘सांडायचे’, तो बिघाड नव्हता

‘झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या संगणकाची ग्राफिक्सची चिप सदोष होती, म्हणून खेळातल्या आकृत्यांचे रंग एकमेकांत मिसळायचे,’ असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. रंग मिसळायचे हे खरं, पण त्याचं दिलेलं कारण साफ चुकीचं आहे.

१९८२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या या संगणकाच्या पडद्यावर २५६ × १९२ ठिपके होते. एका ठिपक्याला एक बिट (माहिती साठवण्याचं सर्वांत लहान एकक; आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे ६,१४४ बाइट. रंग मात्र ठिपक्यागणिक नव्हते. पडदा ८ × ८ ठिपक्यांच्या ७६८ चौकोनांत विभागला होता आणि दर चौकोनाला एकच बाइट: तीन बिट शाईच्या, म्हणजे आकृतीच्या रंगाला, तीन पार्श्वभूमीच्या, एक उजळपणाला, एक लुकलुकण्याला. म्हणजे एका चौकोनात दोनच रंग. त्यामुळे हिरव्या झाडापुढून पिवळा माणूस गेला की त्याने व्यापलेल्या चौकोनांतलं झाडही पिवळं व्हायचं. चिप ठरल्याप्रमाणेच चालत होती.

असं का केलं? दर ठिपक्याला १६ पर्यायांतला रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते. स्पेक्ट्रमच्या स्वस्त मॉडेलची सगळी रॅमच १६,३८४ बाइटची! या युक्तीने पडदा ६,९१२ बाइटांत बसला. काटकसरीचा इतका विचारपूर्वक केलेला आराखडा ‘सदोष’ म्हणून खपवणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच मजकुरात ‘फक्त आठ रंग’ असंही म्हटलं आहे. आठ रंग दोन उजळपणांत मिळत. काळा दोन्हींत सारखाच, म्हणून प्रत्यक्षात १५.