‘इलेक्ट्रिक एसयूव्ही घेणारे पस्तावतात’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय: ‘इलेक्ट्रिक एसयूव्हीचे मालक पस्तावतात. बॅटरी पाच वर्षांत जाते, रेंज निम्मीच मिळते, मेंटेनन्सही काही कमी होत नाही. डोळे झाकून पेट्रोल घ्या.’ एवढा मोठा खर्च डोळे झाकून करायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

आधी बॅटरी. 2010 मध्ये आलेल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून बॅटरी थंड ठेवायची सोय, नव्हती. उष्ण हवामानात तिची क्षमता लवकर घटली आणि त्या मालकांची ओरड सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना चिकटली. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक एसयूव्हींना लिक्विड कूलिंग असतं. बॅटरीवर साधारण 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटीही मिळते. पाच वर्षांत बॅटरी जाणारच असती, तर कंपन्यांनी हा भार अंगावर घेतला नसता.

रेंजच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. वेग 80 वरून 120 वर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि उंच, रुंद एसयूव्हीला तो जास्तच जाणवतो. समजा, एका फुल चार्जवर कंपनीने 400 किलोमीटर सांगितले आणि हायवेवर 320 मिळाले. फास्ट चार्जिंग 80 टक्क्यांनंतर मंदावतं, म्हणून लोक 80 ला प्लग काढतात आणि 10 टक्के उरले की पुन्हा थांबतात. म्हणजे दोन थांब्यांमध्ये हाती येतात जेमतेम सव्वादोनशे. ‘निम्मी रेंज’ ती हीच. थंडीत आणखी घट होते, कारण पेट्रोल इंजिनची वाया जाणारी उष्णता केबिनला फुकट मिळते, इथे हीटरही बॅटरीवरच चालतो.

पण हे झालं लांबच्या प्रवासाचं. शहरात ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत बॅटरीत जाते, त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हीच गाडी चांगली रेंज देते. घरच्या 3 किलोवॅटच्या प्लगवर रात्रभरात सव्वाशे किलोमीटरपुरतं चार्जिंग सहज होतं. रोजचं येणं-जाणं त्यात भागत असेल, तर चार्जिंग स्टेशनचं तोंडही क्वचितच बघावं लागतं.

मेंटेनन्सचा मुद्दा तर अर्धवट आहे. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट हे खर्च नाहीतच, ब्रेक पॅडही जास्त टिकतात. हां, वजनामुळे टायर लवकर झिजतात. आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असते. ती बसली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

म्हणून कुणाचाही अनुभव वाचताना आधी बघा, तो माणूस गाडी चार्ज कुठे करतो. रात्री प्लग मिळत नसेल, दर आठवड्याला लांबचा हायवे असेल किंवा ट्रेलर ओढायचा असेल, तर खुशाल पेट्रोल किंवा हायब्रिड घ्या. प्लग मिळण्यासारखा असेल, तर बुकिंगआधी जागेच्या मालकाकडून चार्जर बसवायची परवानगी लेखी घ्या आणि वायरिंग तेवढा लोड घेईल का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.