कोरोना बॅच

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार, आधीच सांगते.

ऑफिसात मुलाखती होत्या आणि मी पॅनेलवर होते. एका मुलीची फाइल उघडली, बारावी 2021. शेजारचे साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "अच्छा, कोरोना बॅच! फुकट पास." मुलगी समोरच होती, तिने ऐकलं आणि हसली. हे हसू तिला पाठ झालेलं होतं.

माझी भाची त्याच बॅचची. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. राज्याचा निकाल 3 ऑगस्ट 2021 ला लागला, 99.63 टक्के पोरं पास. सगळ्यांनी त्या आकड्यावर विनोद केले. मार्क कुठून आले ते किती जणांना ठाऊक आहे? दहावीचे 30, अकरावीचे 30, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 40. त्यातली अकरावी मार्च 2020 मध्ये अर्धवट तुटलेली आणि बारावी बरीचशी मोबाइलवर झालेली. काहींना एरवी मिळाले नसते इतके मार्क मिळाले, मान्य. पुढे.

निकालानंतर या पोरांचं काय झालं, मला त्याबद्दल बोलायचंय. भाचीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. त्यावर नंबर भावजींचा, आणि भावजी त्या वेळी कोविड वॉर्डात, ऑक्सिजनवर. ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा आणि दहा मिनिटांत संपायचा. दोनदा संपला. कॉलेजची हेल्पलाइन सतत एंगेज. शेवटी तिने बाबांच्याच फोनवर रिंग दिली. तो उचलला वॉर्डातल्या सिस्टरने. "थांब गं, चष्म्यावर वाफ धरलीय," म्हणाल्या आणि सहा आकडे दोनदा वाचून दाखवले. पीपीई किट घालून!

अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या पोरीला कॉलेजात पोचवलं ते त्या बाईंनी. कॉलेजने काय केलं? पीडीएफ पाठवली. 'नवागतांचे स्वागत' या नावाने दोन तासांचा वेबिनार घेतला, त्यात हिचा माइक म्यूट. सहा वेळा "प्रेझेंट सर" म्हणाली तरी गैरहजेरी लागली. शिक्षकही त्याच आजारपणातून, त्याच मरणांतून जात होते, तेही कबूल. पण पहिल्या आठवड्यात प्रत्येक नव्या पोराला एक फोन? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पाच-पाच नावं वाटून दिली असती तरी भागलं असतं. "काय गं, पुस्तकं मिळाली का? घरी सगळे बरे आहेत ना?" एवढंच विचारायचं होतं. दीड-दोन वर्षं प्रयोगशाळा न पाहिलेल्या मुलांना थेट पदवीच्या प्रॅक्टिकलला उभं केलं आणि वर "यांचा बेसच कच्चा"! कच्चा कुणी ठेवला?

20 ऑक्टोबरला कॉलेजं उघडली, तीही दोन डोस झालेल्यांसाठी. ही सतरा वर्षांची, तिला लसच नव्हती. पंधरा ते अठराच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं 3 जानेवारी 2022 ला आणि त्याच आठवड्यात कॉलेजं पुन्हा बंद झाली. तिने डबा भरायची बॅग आणून ठेवली होती. लेबलसकट कपाटात पडून होती कितीतरी दिवस.

आता खरं बोलते. त्या ऑगस्टमध्ये मी काय केलं? "काळजी करू नकोस, सगळं नीट होईल" असा मेसेज आणि करिअर मार्गदर्शनाची एक लिंक. ती लिंक मी स्वतःही उघडली नव्हती. ओटीपीचं तर मला चार महिन्यांनी कळलं, तेही भावजींकडून. सख्खी मावशी मी. आणि आज साहेबांना काय सुनावलं? काही नाही. पुढचा प्रश्न विचारला.

मुलीची उत्तरं चांगली होती, हे सांगायचं राहिलं. माझ्याकडून तिला पूर्ण मार्क. आणि उद्या सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाणार आहे. इथे जाहीर लिहिलंय, आता मागे फिरता येणार नाही.

मघाशी भाचीला फोन केला. विचारलं, त्या सिस्टरांचा नंबर आहे का गं? म्हणाली, आहे की. भावजींनी डिस्चार्जच्या दिवशी मागून घेतला होता. तिच्या फोनमध्ये 'ओटीपी सिस्टर' नावाने सेव्ह आहे. प्रत्येक सेमिस्टरचा निकाल ती आईच्या आधी त्यांना कळवायची.