एचपीव्हीच्या नावाखाली तंबाखूला क्लीन चिट

"तोंडाचा कॅन्सर तंबाखूने नाही, एचपीव्ही व्हायरसने होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय" हा फॉरवर्ड शेवटी मामापर्यंत पोचला. अख्खा जन्म चुना-तंबाखू मळण्यात गेलेल्या माणसाला याहून गोड बातमी कुठली, लगेच मलाच पाठवला, खाली "वाच".

वाचला. या एचपीव्हीने, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसने, कॅन्सर होतो हे खरंय, तेवढं मान्य करावंच लागतं. पण होतो कुठे? मुख्यतः घशात, टॉन्सिलला आणि जिभेच्या मुळाशी. आपल्याकडे गालाच्या आत, हिरडीला, जिथे बार धरतात नेमका तिथेच होतो त्यात एचपीव्हीचा वाटा फार थोडा, मोठा वाटा तंबाखू-गुटख्याचा आणि सुपारीचा. हो, नुसती सुपारीसुद्धा, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच तसं छापलंय. मामा, तिखट खाल्लं की तोंड जळतं म्हणतोस ना, तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघ, नसतील जात तर डॉक्टरकडे चल, हे व्हायरसचं काम नाही.

आणि अमेरिकाच हवी असेल तर घ्या, 2010 चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास. घशाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी व्हायरसवाले 3 वर्षांनी 82 टक्के जिवंत, बिनव्हायरसवाले 57. फॉरवर्डवाल्यांना एवढंच आवडेल. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की आयुष्यात जितक्या सिगारेटी जास्त ओढलेल्या तितका मरणाचा धोका वाढत जातो, आणि व्हायरसवाले त्यातून सुटलेले नाहीत. म्हणजे ज्या कॅन्सरचं कारण व्हायरस आहे तिथेही तंबाखू नडतेच!

फॉरवर्डमध्ये "पेशंटची ताट-वाटी वेगळी ठेवा" हे कुणी घुसडलं देव जाणे. तोंडात हा व्हायरस मुख्यतः ओरल सेक्समधून जातो, फॅमिली ग्रुपवर हे लिहायला लागतंय तर लागू दे, आणि बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आधीच धड चावता येत नाही, त्यात घरच्यांनी त्याचा कप बाजूला काढायचा?

एचपीव्हीची लस फक्त मुलींची, हेही त्यातलं चूक, मुलांनाही देतात, अमेरिकेत 2020 पासून घशाच्या कॅन्सरसाठीही तिला मंजुरी आहे. फक्त संसर्ग व्हायच्या आधी घ्यावी लागते. फॉरवर्डमधल्या हळदीच्या गुळण्यांवर मी टाइप करत बसणार नाही.