तत्सम

'पाळीव प्राणी, घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले व तत्सम यांनी मागच्या लिफ्टचा वापर करावा. आदेशावरून.'

परवा सकाळी ही नोटीस लागली. आदेश कुणाचा ते लिहिलेलं नाही. 'तत्सम' कोण तेही लिहिलेलं नाही, पण ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तत्सम म्हणजे मी.

मागचं थोडक्यात सांगतो. शेजारच्या सोसायटीत चोरी झाली, बायको म्हणाली राखणीला कुत्रा आणू, मी म्हणालो विकत कशाला, गावाबाहेरच्या निवाऱ्यात एवढे पडलेत. तिथल्या चुणचुणीत मुलीनं पाऊण तास माझी तोंडी परीक्षा घेतली. मग घरी येऊन गॅलरीच्या गजांमधलं अंतर वितीनं मोजलं आणि आम्हाला पास केलं. मांडीत मावेल असं काहीतरी मिळेल, अशी माझी कल्पना होती. मिळालं ते 48 किलोचं रॉटवायलर.

हा तिथं कसा आला? 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं 23 'क्रूर' जातींची यादी काढली. त्यात रॉटवायलर होता. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्दही केलं, पण तोवर याच्या मालकानं याला निवाऱ्याच्या फाटकाला बांधून पोबारा केला होता. पेपरातली पहिली बातमी सगळे वाचतात, दुसरी कुणी वाचत नाही. जाताना त्या गृहस्थानं एक चिठ्ठी मात्र ठेवली होती. तीत नाव लिहिलं होतं: डेंजर.

आता सकाळी सहाच्या सुमारास, मंडळी बागेत प्राणायाम करत असताना, "डेंजर! डेंजर!" असं ओरडून बघा. मी बघितलंय. मिळताजुळता उच्चार शोधा, हळूहळू सवय होईल, असं त्या मुलीनं सुचवलं. खूप डोकं खाजवल्यावर 'दाजी' सुचलं. दोनच दिवसांत बायकोच्या बहिणीचे यजमान आले. "दाजी, सोफ्यावरून खाली उतरा," असं आमच्या चिरंजीवांनी ठणकावलं आणि ते खरोखर उतरले. अजून त्यांचा फोन नाही. कुत्रा पुन्हा डेंजर झाला.

ही जात मूळ जर्मनीतल्या रॉटवाइल गावची. खाटकांची गुरं हाकायची, गाड्या ओढायच्या, आणि परतीच्या वाटेवर खाटीक म्हणे विक्रीच्या पैशाची थैली याच्याच गळ्यात बांधायचा. कुणाची हात लावायची छाती होत नसे. आमच्या या वंशजाला कुकरची शिट्टी सहन होत नाही. तिसऱ्या शिट्टीला तो बाथरूममध्ये जातो आणि बादलीच्या मागे उभा राहतो. बादली लहान आहे. बाकी त्याचा स्वभाव रेलण्याचा. माणूस दिसलं की जवळ जायचं आणि भिंतीला टेकावं तसं सगळ्या वजनानिशी टेकायचं. राखणीला म्हणून आणला, आता मीच त्याला राखतो.

मंगळवारची सकाळ. मी आणि डेंजर सातव्या मजल्यावरून खाली निघालो होतो. पाचव्यावर दार बंद होता होता फटीत काठी आली आणि काठीमागून आप्पा. आप्पा बँकेतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण समोरच्याकडे अजूनही सही जुळत नसल्यासारखं बघतात. लिफ्ट सुरू झाली.

"चावतो का?"

"नाही हो, आप्पा."

"मग पाळलाय कशाला?"

"म्हणजे चावायला हवा का?"

"चावला तर पोलिसात देईन."

यावर काय बोलणार? मी डेंजरच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. आप्पांनी चष्म्यावरून त्याची टोकापासून टोकापर्यंत तपासणी केली.

"चावत नाही, हे लेखी द्या."

"असं कसं लेखी देणार? तुम्ही तरी चावत नाही हे कुणी लेखी दिलंय?"

हे बोलायला नको होतं, कबूल. आप्पांनी शांतपणे काठी माझ्या हातात दिली, दोन बोटं तोंडात घातली, आणि वरची अख्खी कवळी काढून माझ्या नाकापुढे धरली. "हा घ्या पुरावा. आहे तुमच्याकडे अशी सोय?" दात हातात असल्यामुळे ते 'फुलावा' आणि 'फोय' असं ऐकू आलं.

डेंजरनं आयुष्यात बरंच काही सोसलं असेल, पण स्वतःचा जबडा काढून दाखवणारा प्राणी त्यानं पाहिला नव्हता. त्यानं कान पाडले, शेपटीच्या बाजूनं माझ्या दोन पायांत घुसायला सुरुवात केली आणि त्या धक्क्यानं मी पाठीमागच्या बटणांवर आदळलो. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, सगळे दिवे लागले. मग डेंजरचा बांध फुटला. एका मोठ्या कुत्र्याच्या रात्रभराच्या साठ्याचा अंदाज असेल त्यांनाच लिफ्टची अवस्था कळेल.

चारही मजल्यांवर लिफ्ट थांबली. चारही मजल्यांवर कुणी ना कुणी उभं होतं. दार उघडलं की त्यांना एवढंच दिसे: आप्पांचं बोळकं तोंड, आप्पांचे दात हवेत, आप्पांची काठी माझ्या हातात, आणि खाली तळं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर "अहो, वयाचा तरी विचार करा!" म्हणाल्या. मला म्हणाल्या. डेंजर माझ्यामागे असल्यामुळे ते तळं कुणाचं, याबद्दलही काही लोकांचा गैरसमज अजून कायम आहे.

मी वर जाऊन बादली आणि फिनेल आणलं आणि गुडघ्यांवर बसून लिफ्ट दोनदा पुसली. वॉचमन बघत होता. "कोपऱ्यात राहिलंय, साहेब," एवढं त्याचं सहकार्य.

दुसऱ्या दिवशी नोटीस.

तर आता मी मागच्या लिफ्टनं जातो. पुढच्या लिफ्टमध्ये पंखा आहे, आरसा आहे, गणपतीची फ्रेम आहे. मागच्या लिफ्टमध्ये काल एक गादी होती, सिमेंटची दोन पोती होती, आणि आम्ही सहाजण. पंख्याच्या जागी वायरी लोंबतायत. आमच्याकडे काम करणाऱ्या सुमनताई सकाळपासून चौथं घर उरकून चालल्या होत्या. "दादा, तुम्ही इकडं?" असं म्हणून त्यांनी पदरानं वारा घेतला. मी तावातावानं म्हणालो, हा अपमान आहे. त्या म्हणाल्या, "हो का? नोटीस आत्ता लागली, आम्ही सहा वर्षं इथूनच जातो." सहा वर्षं मी पुढच्या लिफ्टच्या आरशात भांग पाडत होतो. यावर काहीतरी चटकन सुचायला हवं होतं, सुचलं नाही. डेंजर तेवढ्यात सिलिंडरवाल्याच्या मांडीला रेलला होता आणि तो मुलगा त्याचे कान खाजवत, आपला मजला गेल्याचं विसरून वरखाली करत होता.

रात्री मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं. पशुकल्याण मंडळाचं 26 फेब्रुवारी 2015 चं परिपत्रक जोडलं: आकार किंवा जात बघून कुत्र्याला सोसायटी मनाई करू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. पत्राच्या शेवटी, घरकामाच्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या पोरांनी पुढची लिफ्ट का वापरू नये, असंही विचारलं. त्याला जोडायला परिपत्रक सापडलं नाही.

आज उत्तर आलं. कुत्र्याचं मान्य. बाकीचा मुद्दा 'सर्वसाधारण सभेत घेऊ'. सोबत महिन्याचं मेंटेनन्सचं बिल, आणि त्यात शेवटी एक नवी ओळ: 'लिफ्ट स्वच्छता, फिनेल व तत्सम: 60 रुपये.'

मी भरणार नाही. प्रश्न साठ रुपयांचा नाही, असं बायकोला सांगितलं, पण आहे. फिनेल माझ्या घरचं होतं.